कासिमच्या दिवशी साखरपुडा

वग्दी शलबीने लिहिलेल्या मूळ लेखात 'कदाचित' हा शब्द निदान दहा-बारा वेळा होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे रामायण घडलं त्यात ही गोष्ट सांगायची संधी त्याला कुणी दिलीच नाही. तो बिचारा तोंड उघडायचा, "अहो, मी कदाचित असं..." इथपर्यंत यायचा आणि समोरचा हात झटकून चालता व्हायचा.

वग्दी अलेक्झांड्रियातल्या एका पेपरात विज्ञान आणि हवामान सांभाळायचा. त्याचा स्तंभ शेवटून दुसऱ्या पानावर, राशिभविष्य आणि शब्दकोडं यांच्या मधे सापडायचा. राशिभविष्य लिहिणारी बाई दर आठवड्याला ठणकावून सांगायची की वृश्चिक राशीला प्रवास घडेल. वग्दी उपग्रहाची चित्रं, वाऱ्यांचे नकाशे आणि शास्त्रज्ञांना केलेले फोन एवढी सगळी उस्तवार करून लिहायचा की पावसाची थोडीफार शक्यता आहे. लोकांचा विश्वास कुणावर बसणार? खुद्द त्याची बायको इनायात सकाळी पेपर उघडून आधी आपली रास बघायची आणि मग गॅलरीत जाऊन आभाळ बघायची. मधला स्तंभ ती न वाचताच ओलांडून जायची.

त्यातून अलेक्झांड्रियाच्या माणसाला हवामान शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. इथे हिवाळ्यातली वादळं नावानिशी येतात. त्यांना नव्वा म्हणतात. कुठली नव्वा कुठल्या तारखेला येणार, किती मुक्काम करणार, वारा कुठून आणणार याचं कॅलेंडर घरोघरी स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्याच्या वर चिकटवलेलं असतं. नोव्हेंबरात झाडूवाली येते, डिसेंबरच्या सुरुवातीला कासिम येतो, जानेवारीत मोठी फैदा. लोक त्यांच्याबद्दल बोलतात तेही नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं. झाडूवाली कामाला चोख, कासिम तापट, आणि फैदा एकदा येऊन बसली की उठायचं नाव घेत नाही.

वग्दीने लेख लिहिला तो या कॅलेंडरवर, आणि मोठ्या प्रेमाने लिहिला. हा कोळ्यांच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे, त्याचा मान राखला पाहिजे, असं त्याने सुरुवातीलाच म्हटलं होतं. पण ही सरासरी आहे, वचन नव्हे. शिवाय समुद्र तापतो आहे, त्यामुळे वादळं कदाचित पुढेमागे सरकत असतील. यंदा कासिम कदाचित उशिरा येईल, कदाचित वेळेवर येईल, कदाचित येणारही नाही. लेख त्याने संपादक मम्दूहच्या हवाली केला आणि घरी जाऊन समाधानाने झोपला.

मम्दूह वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला हवामानाच्या दोनच बातम्या कळायच्या. एक, अलेक्झांड्रिया बुडणार. दोन, अलेक्झांड्रिया बुडणार नाही. यांच्या मधलं काही टेबलावर आलं की त्याचं डोकं दुखायला लागायचं. त्या संध्याकाळी ऐन वेळेला हीटरची एक जाहिरात आली, जागा कमी पडली आणि मम्दूहने लेखातले बिनकामाचे शब्द काढून टाकायचं ठरवलं. सकाळी पहिल्या पानावर, हीटरच्या डोक्यावर, वग्दीच्या लग्नातल्या सुटातल्या फोटोसकट मथळा झळकला: 'विज्ञानाचा निर्वाळा: यंदा कासिम येणार नाही!'

वग्दी दाढी अर्धवट टाकून ऑफिसात पोचला.

"मी असं कुठं लिहिलंय?"

"पहिलं पान मिळालं तुला, लेका! पहिलं पान!" मम्दूह खुर्चीतून उठून त्याला मिठी मारायला आला. "माझ्या आईनं वाचला लेख. शेवटपर्यंत!"

"पण मी कदाचित म्हटलं होतं!"

"कदाचित वाचायला कोण पेपर विकत घेतो, वग्दी? ते लोकांना घरबसल्या फुकट मिळतं."

वग्दीने खुलासा छापायचा हट्ट धरला. खुलासा छापून आला तो बऱ्याच दिवसांनी, शब्दकोड्याच्या उत्तरांखाली, आणि त्यातलाही एक 'कदाचित' जागेअभावी गाळलेला होता.

तोवर इब्राहिमियातल्या त्याच्या गल्लीत शास्त्राचा प्रसार झाला होता. कोपऱ्यावरचा छत्रीवाला आता मुद्दाम त्याच्या गॅलरीखाली गाडी लावून ओरडत होता, "छत्र्या घ्या, छत्र्या! पेपरवाल्यांनी परवानगी दिली तर पाऊस पडेल!" दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी गळकी खिडकी दुरुस्त करायला बोलावलेला सुतार परत पाठवला आणि तसं वग्दीला जिन्यात थांबवून सांगितलं, म्हणजे पुढे काही झालंच तर कुणाच्या नावाने खडे फोडायचे याची सोय झाली.

खरी डोकेदुखी मात्र तळमजल्यावर होती. तिथे मदाम सोआद राहायच्या. त्या आपला फ्लॅट विकायच्या खटपटीत होत्या, आणि मागे कधीतरी वग्दीने समुद्राची पातळी वाढते आहे असा लेख लिहिल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक दारातून परत जात होतं. त्याच लेखामुळे चौथ्या मजल्यावरच्या माणसाने आपल्या फ्लॅटची किंमत वाढवली होती. शंभर वर्षांत घडू शकणाऱ्या गोष्टीबद्दल आपण लिहिलं होतं हे वग्दीने त्यांना अनेकदा समजावलं होतं. मदाम सोआदचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक आत्ता येतं, शंभर वर्षांनी नाही.

या सगळ्यावर कडी म्हणून एका दुपारी हाजी अत्तिया आला.

हाजी अत्तिया म्हणजे वग्दीचा होऊ घातलेला व्याही. अनफूशीच्या किनाऱ्यावर त्याचा होड्या बांधायचा कारखाना होता. तिथल्या निम्म्या होड्या त्याने बांधलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्याच्या पुतण्या-भाच्यांच्या होत्या. त्याचा मुलगा बासिम बंदरात इंजिनियर होता आणि वग्दीची रीहाम औषधांच्या दुकानात. दोघांचं आपसात जमलं होतं, मोठ्यांची बोलणी झाली होती, फक्त साखरपुड्याची तारीख राहिली होती.

हाजी आला तो एका हातात माशांची पुडी आणि काखेत पेपर घेऊन. मासे त्याने इनायातच्या हातात दिले आणि पेपर वग्दीच्या मांडीवर टाकला. मासे त्याच पेपराच्या आदल्या अंकात बांधलेले होते, हे वग्दीच्या नजरेतून सुटलं नाही.

"उस्ताद वग्दी, हे तुम्हीच ना?"

"फोटो माझाच आहे, हाजी, पण..."

"माझे आजोबा कासिमच्या दिवसांत कधी होडी पाण्यात घालत नसत. माझे वडील घालत नसत. म्हणजे दोघंही खुळे होते, असं तुम्ही सगळ्या गावाला कळवलंत."

"तसं नाही हो! मी लिहिलं होतं, कदाचित..."

"कदाचित!" हाजीने चहाचा पेला खाली ठेवला. "मुलगी देतानाही कदाचितच म्हणणार का? काझी विचारेल, वधूचा बाप राजी आहे का, आणि तुम्ही म्हणाल, वाऱ्यावर अवलंबून आहे?"

आतल्या खोलीत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. रीहाम पेला निसटलेली चहाची ताटली हातात धरून दाराला कान लावून उभी होती.

"माझ्या भावाची पोरं हा पेपर नाचवत फिरतायत," हाजी म्हणाला. "काका, तुमचा कासिम मेला, म्हणतात मला. तोंडावर म्हणतात." त्याचा आवाज जरासा खाली आला, मग पुन्हा चढला. "ठीक आहे. साखरपुडा कासिमच्याच दिवशी करू. तुमच्या गच्चीवर. मांडव नको, ताडपत्री नको, डोक्यावर नुसतं आभाळ. माझी झाडून सगळी माणसं येतील. तुमचा तुमच्या पेपरावर विश्वास असेल तर जेवू घाला त्यांना. नसेल तर आत्ताच सांगा. छापतो एक आणि मानतो दुसरंच, अशा माणसाशी मी सोयरीक कशी करू?"

हा मथळा माझा नव्हे, आमच्या पेपरात मला कुणी विचारत नाही, एवढं एक वाक्य बोलून वग्दी त्या वेळी मोकळा होऊ शकला असता. पण व्याह्यासमोर, आणि तेही दाराआड मुलगी उभी असताना, असलं वाक्य कुठल्या बापाच्या तोंडून निघेल? वग्दीने सुटाचं बटण लावल्यासारखी छातीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "ठरलं."

हाजी गेल्यावर इनायातने माशांची पुडी ओट्यावर आपटली. "त्याची झाडून सगळी माणसं म्हणजे किती, ठाऊक आहे तुला?"

"साधारण..."

"हां, काढ सरासरी!"

रीहाम बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते. "बाबा, मला खरं सांगा. त्या दिवशी पाऊस पडेल का?"

"बेटा, कदाचित..." वग्दी म्हणाला, आणि ती हुंदके देत परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी वग्दी हवामान खात्यात डॉक्टर नाशिद यांच्याकडे गेला. डॉक्टर नाशिदना तो वर्षानुवर्षं फोन करत आला होता आणि त्यांचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं. तरी आज घरची अडचण आहे म्हटल्यावर माणूस जरा मोकळेपणाने बोलेल अशी त्याला आशा होती.

"काही भागांत, काही काळ, हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस संभवतो," डॉक्टर नाशिद म्हणाले.

"डॉक्टर, माझ्या मुलीचा साखरपुडा आहे हो."

"मुलगी कुठल्या भागात आहे?"

"इब्राहिमियात. गच्चीवर."

"ते काही भागांत मोडतं."

"पण कधी पडेल?"

"काही काळ," डॉक्टर नाशिद सहानुभूतीने म्हणाले.

हेच लेखी, शिक्क्यासकट मिळेल का, असं वग्दीने विचारलं. मिळेल, म्हणाले. कैरोला अर्ज करायचा, तो समितीपुढे जातो, उत्तर सहसा उन्हाळ्यात येतं. बाहेर येऊन ट्रामची वाट बघत उभं राहिल्यावर वग्दीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वाचकांचा कळवळा आला. एवढी वर्षं ही माणसं आपला स्तंभ वाचून अशीच रस्त्यावर उभी राहत असतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता गच्ची. गच्चीची किल्ली मदाम सोआदच्या पर्समध्ये असायची, कारण त्या इमारतीच्या रहिवासी संघाच्या अध्यक्षा होत्या. संघात बाकी कुणी कधी येत नसे, त्यामुळे निवडणुका शांततेत व्हायच्या.

"किल्ली देते की," त्या म्हणाल्या. "फक्त एक बारीकशी बातमी छाप. आपल्या गल्लीत समुद्र कधीही येणार नाही."

"मदाम, असं मला लिहिता येणार नाही. ते कुणालाच ठाऊक नाही."

"कासिम येणार नाही हे बरं ठाऊक होतं?"

रीहाम रोज थोडी थोडी रोडावत होती, किल्ली पर्समध्ये होती आणि दिवस जवळ येत होता. शेवटी दोन संध्याकाळी घासाघीस होऊन वग्दीच्या सदसद्विवेकबुद्धीला सोसेल असं एक वाक्य ठरलं, आणि ते त्याने आपल्या स्तंभात एका लेखाच्या शेपटाला जोडून दिलं: 'इब्राहिमियातील मदाम सोआद यांच्या फ्लॅटमध्ये आजतागायत समुद्र आल्याची नोंद नाही.' मम्दूहनेही ते कापलं नाही, कारण त्यात कदाचित नव्हतं. मदाम सोआदनी ते कात्रण चौकटीत बसवून दारात लावलं आणि किल्ली दिली.

कासिमचा दिवस उजाडला तो असा लख्ख, की मे महिना असल्याचा भास व्हावा.

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. समुद्र ताटात पाणी ठेवल्यासारखा पडून होता. गच्चीवर खुर्च्या लागल्या, झालरी लागल्या, लाल सरबताचे पेले ओळीने मांडले गेले. इनायातने आणि तिच्या बहिणींनी मसालेदार भात आणि मासे यांची एवढी पातेली रचली होती की पोस्टमास्तर सकाळपासून तीनदा 'काही मदत?' विचारायला येऊन गेले होते. वग्दीने तोच फोटोतला सूट घातला होता. तो दर थोड्या वेळाने कठड्यापाशी जाऊन आभाळाकडे बघायचा आणि कुणी बघत नाहीसं पाहून आभाळाचे आभार मानायचा.

मग सगळं अनफूशी जिना चढून आलं. पुढे हाजी अत्तिया. त्या रणरणत्या उन्हात हाजी पायात गुडघाभर रबरी बूट, अंगात मेणकापडाचा कोट आणि हातात छत्री अशा सरंजामात आला होता. गच्चीवर हशा पिकला. हाजीने कुणाकडे बघितलं नाही. तो खुर्चीवर बसला, छत्री उघडली आणि तिच्याखाली घाम पुसत राहिला.

बासिमने रीहामच्या हातात सोन्याच्या बांगड्या घातल्या, बायकांनी जिभा हलवत शुभकार्याचे चीत्कार काढून कान किटवले, सरबत फिरलं. रीहाम हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. मम्दूह फोटोग्राफर घेऊन आला होता. पोस्टमास्तर वग्दीचा हात सोडेनात. छत्रीवाला खालून वर आला, शरमून दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "उस्ताद, माझ्या बायकोला मुलगा होईल की मुलगी, तेवढं बघा ना." ज्या माणसाचं एवढ्या वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं, त्याच्याभोवती लोक गोळा झाले होते. आपण बरोबर ठरलो ते निव्वळ नशिबाने, हे वग्दीला ठाऊक होतं. पण आजचा दिवस ते आपल्यापाशीच ठेवावं असं त्याने ठरवून टाकलं, आणि त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी एकदा राशिभविष्याच्या शेजारी बसून बघावं.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. डॉक्टर नाशिद होते.

"मी ऑफिसातून बोलत नाहीये," ते दबक्या आवाजात म्हणाले. मागे गाड्यांचे आवाज येत होते. "रस्त्यावर आलोय. माझं नाव कुठं घालू नका."

"काय झालं, डॉक्टर?"

"उद्या कपडे वाळत घालू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! एवढ्या वर्षांत तुम्हाला इतकं स्पष्ट कधी सांगितलंय का मी? पश्चिमेकडून मोठं येतंय. रात्रीतून वारा फिरेल. थोडं सरकलं तर चुकेलही. पण दहातले आठ तरी धरा." आणि त्यांनी फोन ठेवला.

समोर हाजीचा थोरला पुतण्या सालिम सरबताचा पेला उंच धरून ओरडत होता, "काका, कुठाय तुमचा कासिम? वाट चुकला वाटतं!" त्याच्याभोवतीची पोरं खदखदून हसली. "चला रे," सालिम म्हणाला, "जेवलो, झालं. एवढा शांत समुद्र सोडायचा का? संध्याकाळी होड्या काढू, उद्या दुपारपर्यंत परत." पोरं बाह्या खाली करत जिन्याकडे निघाली.

वग्दीच्या दंडाला कुणीतरी धरलं. हाजी होता. त्याने वग्दीला ओढत पाण्याच्या टाकीमागे नेलं. छत्री मिटलेली होती आणि चेहरा असा उतरलेला, की वग्दीला आपला विजय क्षणभर नकोसा झाला.

"ही निघाली," हाजी म्हणाला. "मी त्यांना इथं आणलं होतं ते जेवायला नाही रे. तुझा पेपर वाचून सगळी आजच समुद्रावर जाणार होती. मी म्हातारा, माझं कोण ऐकतं? पण साखरपुड्याला घरातलं माणूस आलं नाही तर आयुष्यभराचा रुसवा धरतात आमच्यात. म्हणून हा दिवस धरला. म्हटलं, कासिम एकदा डोळ्यांनी बघितला की बसतील घरी. तर आजच हा मेला आला नाही!"

"म्हणजे पैज..."

"कसली पैज? कासिम कधी ठरल्या दिवशी येतो का? दोन दिवस अलीकडे, चार दिवस पलीकडे. हे शेंबड्या पोराला कळतं. आजोबांनाही कळत होतं."

"मग कॅलेंडरात तारीख कशाला लिहिता?"

"तारीख सांगितली की पोरं थांबतात. कदाचित म्हटलं की जातात." हाजीने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "तुझ्या त्या संपादकानं कदाचित काढून टाकला आणि माणसं समुद्रावर पाठवली. आमच्या बापजाद्यांनीही काढला, पण घरी ठेवायला. तुझं शास्त्र काय म्हणतं, खरं सांग मला."

वग्दीने फोनवरचं सगळं सांगितलं. चुकण्याची शक्यताही सांगितली.

"माझं ते आज ऐकणार नाहीत," हाजी म्हणाला. "आज तू खरा ठरलायस."

साखरपुड्याला बोलावलेल्या गाणाऱ्याच्या हातातला माइक वग्दीने ओढून घेतला. आजपर्यंत तो चार माणसांसमोर कधी बोलला नव्हता. त्याचं काय ते शेवटून दुसऱ्या पानावर चालायचं.

"थांबा," तो म्हणाला. माइक किंचाळला. "कासिम येतोय. उद्या. कुणी होडी पाण्यात घालायची नाही."

मम्दूह पुढे आला आणि दात आवळून पुटपुटला, "वग्दी, लेका, काय करतोयस? आपण छापलंय, येणार नाही म्हणून!"

"चूक छापलंय," वग्दी माइकमधूनच म्हणाला, त्यामुळे ते खाली गल्लीतही ऐकू गेलं.

इनायातने कपाळावर हात मारला. पोस्टमास्तरांनी धरलेला हात सोडून दिला. आत्तापर्यंत कमावलेली सगळी इज्जत जिना उतरून चाललेली वग्दीला स्पष्ट दिसत होती.

सालिम जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. "नक्की का, उस्ताद?" त्याने विचारलं. "का कदाचित?"

तो शब्द वग्दीच्या जिभेवर आला होता. सवयीने आला होता, आणि खराही होता. पोरं जिन्यात थांबून त्याच्याकडे बघत होती, विशीतली, तोंडाला भात लागलेली. वग्दीने तो शब्द गिळला.

"नक्की," तो म्हणाला.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सालिमने आभाळ बघितलं, मग वग्दीच्या सुटाकडे बघितलं, आणि हा माणूस आज एकदा बरोबर ठरला आहे एवढ्या एका पुण्याईवर तो वळून परत खुर्चीत येऊन बसला. बाकीचीही बसली. हाजी अत्तियाने इनायातला हाक मारून सांगितलं की पोरांना परत वाढा, चांगलं भरपूर वाढा, चालता येऊ नये इतकं.

सकाळी ऊन होतं. वग्दी गॅलरीत आला तेव्हा छत्रीवाल्याने खालून मान वर करून त्याला नुसतं बघितलं. अनफूशीहून सालिमचा फोन आला, तो रीहामने घेतला, आणि त्यातले शब्द तिने बापाला सांगितले नाहीत. वग्दीने नाश्ता केला नाही. दहातले दोन, दहातले दोन, असं तो घरभर पुटपुटत फिरत होता. कासिम आला नाही तर पुतण्यांची एक दिवसाची मासळी बुडेल आणि आपण पुन्हा राशिभविष्याच्याही खाली जाऊ, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारच्या बांगेच्या सुमाराला वारा फिरला. समुद्राचा रंग बघता बघता काळवंडला, लाटा समुद्रकाठच्या कॉर्निशचा कठडा ओलांडून रस्त्यावर आल्या आणि मग कासिम आला. गच्चीवरच्या झालरी त्याने ट्रामच्या तारांवर नेऊन टाकल्या. पोस्टमास्तरांची खिडकी चौकटीसकट आत पाडली. गल्लीतली गटारं तुंबून मदाम सोआदच्या फ्लॅटमध्ये घोटाभर पाणी शिरलं. त्यात बोट बुडवून त्यांनी चाखून पाहिलं आणि नेमकं त्याच वेळी आलेल्या गिऱ्हाइकाला त्या आनंदाने ओरडून म्हणाल्या, "गोडं आहे! समुद्राचं नाही!" छत्रीवाल्याचा सगळा माल हातोहात खपला.

वग्दी बंद खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता. अनफूशीत सगळ्या होड्या दोरखंडांनी बांधलेल्या होत्या, आणि पोरं घरात बसून त्याच्याच पेपरवर पत्ते कुटत होती. बासिमने तसं फोन करून सांगितल्यावर वग्दी खिडकीपाशीच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. इनायातने त्याच्यापुढे भाताची ताटली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पेपराच्या पहिल्या पानावर मथळा होता: 'आम्ही सांगितलंच होतं: कासिम आला!' फोटो वग्दीचाच, माइक हातात घेतलेला. आत डॉक्टर नाशिद यांची प्रतिक्रिया होती, की काही भागांत काही काळ पाऊस झाला.

पाऊस ओसरत आल्यावर हाजी अत्तियाचा फोन आला.

"उस्ताद, लग्नाची तारीख काढली. जानेवारीत, मोठ्या फैदाच्या दिवशी. तुझ्याच गच्चीवर."

"हाजी! पुन्हा गच्चीवर?"

"पोरं आहेत ना रे. हॉलमध्ये केलं तर तासाभरात जेवून पळतात."

वग्दीने ओट्यावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग इनायातकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आणि फैदा खरंच त्याच दिवशी आली तर?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कदाचित येणार नाही," हाजी म्हणाला. "पण हे पोरांना सांगू नकोस."